कंठमणी कुठवर तासायचा

गळ्यावर पुढे आलेला कंठमणी हा काही वेगळा अवयव नव्हे. स्वरयंत्राला पुढून आधार देणाऱ्या थायरॉइड कूर्चेची दोन रुंद पाती मधोमध एकमेकांना भिडतात, आणि त्या सांध्याच्या वरच्या टोकाला जो कोन तयार होतो, तो कातडीखालून उठून दिसतो. लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या गळ्यात या बाबतीत फारसा फरक नसतो. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, दोन पात्यांमधला कोन अरुंद होतो आणि पुढे झुकतो. शरीररचनेच्या पुस्तकांत हा कोन पुरुषांत सुमारे ९० अंशांचा आणि स्त्रियांत सुमारे १२० अंशांचा दिलेला असतो. त्याच वाढीत आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज फुटतो आणि खाली उतरतो. बाहेरचा उंचवटा आणि आतला जाड आवाज अशा एकाच घडामोडीतून येतात, आणि दोन्ही परत फिरत नाहीत. प्रौढ वयात इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रीची त्वचा मऊ होते, अंगावरच्या चरबीची ठेवण बदलते, स्तन वाढतात. कूर्चा मात्र आक्रसत नाही आणि आवाजही वर चढत नाही. आवाजासाठी निदान सरावाचा, प्रशिक्षणाचा मार्ग असतो. कूर्चेसाठी शस्त्रक्रियेवाचून दुसरा उपाय नाही.

ही शस्त्रक्रिया वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा नीट मांडली ती वोल्फर्ट आणि पॅरी या शल्यचिकित्सकांनी, १९७५ मध्ये. गळ्याच्या त्वचेला आडवा छेद द्यायचा, पुढचे पट्ट्यासारखे स्नायू मधोमध बाजूला सारायचे, कूर्चेवरचे पातळ आवरण सोडवायचे आणि वरच्या खाचेभोवतीची पुढे आलेली कड तासून काढायची, हा तिचा गाभा. गेल्या पन्नास वर्षांत छेदाची जागा बदलली, हत्यारे बदलली, आत डोकावण्याची साधने आली. गाभा तोच राहिला. पूर्वी हिला लोक ‘ट्रॅकिअल शेव्ह’ म्हणत, अजूनही म्हणतात. कूर्चेची कड तासण्याचे हे काम मोठ्या शस्त्रक्रियांच्या तुलनेत लहान आहे, बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात, आणि म्हणूनच ती किरकोळ समजली जाते. माझा आक्षेप या समजुतीला आहे. या शस्त्रक्रियेचे यश किती कूर्चा काढली यापेक्षा नेमके कुठे हात आखडता घेतला यावर ठरते, आणि तिच्या परिणामांबद्दल आजवर जमलेला पुरावा नीट वाचला तर तो याच बाजूने बोलतो. ज्या स्त्रीला ही शस्त्रक्रिया हवी आहे तिला ती मिळावी असे मला मनापासून वाटते. म्हणूनच शस्त्रक्रियेची मर्यादा आधी सांगितली पाहिजे.

ती मर्यादा कूर्चेच्या मागच्या बाजूला आहे. दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे एकत्र येतात, ती जागा कूर्चेच्या आतल्या पृष्ठभागावर एका छोट्याशा अस्थिबंधाने घट्ट रोवलेली असते. वरची खाच आणि खालची कड यांच्या साधारण मध्यावर ती येते, पण माणसागणिक थोडी वर किंवा खाली सरकलेली असते. तंबोऱ्याची खुंटी सैल झाली की तार ढिली पडते आणि सूर उतरतो. इथेही तसेच आहे. कूर्चा तासता तासता हत्यार त्या रोवणीपर्यंत पोचले आणि ती सुटली, तर स्वरतंतूंचा ताण जातो, आवाज खाली येतो, घोगरा आणि दमछाक करणारा होतो. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे आवाजाचा सराव केला, तिच्या वाट्याला याहून कठोर परिणाम येऊ शकत नाही. गळा सपाट झाला, आणि तोंड उघडताच तिची ओळख पूर्वीपेक्षा जास्त चुकायला लागली. रोवणीच्या थोडे वर स्वरयंत्राच्या झाकणाचा देठ कूर्चेला बांधलेला असतो; तोही उखडला तर झाकण मागे कलंडून श्वासाची वाट अडवू शकते. बाहेरून पाहणाऱ्या डॉक्टरला यातले काहीच दिसत नाही. त्याच्यासमोर असते ती फक्त पांढरट, गुळगुळीत कूर्चा.

म्हणून गेल्या काही दशकांतली या क्षेत्रातली खरी सुधारणा कापण्यात झाली नाही, पाहण्यात झाली. स्पीगेल आणि रॉड्रिग्ज यांनी २००८ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली तिच्यात भूल देताना श्वासनलिकेत नळी न घालता घशात स्वरयंत्राच्या वरच बसणारा मास्क वापरतात, आणि त्यातून एक लवचिक दुर्बीण स्वरतंतूंच्या वर उतरवतात. मग एक बारीक सुई बाहेरून, कूर्चेच्या बरोबर मधोमध, सरळ आत टोचतात. पडद्यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. सुईचे टोक स्वरतंतूंच्या सांध्याच्या किंचित वर बाहेर आले तर ती उंची पक्की. सांध्यावर किंवा त्याखाली आले तर सुई काढून थोडी वर पुन्हा टोचतात. बाहेर कूर्चेवर त्या उंचीला खूण करतात. खुणेच्या वरचा भाग तासायचा, खुणेखालचा नाही. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. जिथे ही सोय नसते तिथे अनुभवी शल्यचिकित्सक कूर्चेच्या उंचीच्या मध्याचा हिशेब धरून त्याच्या बराच वर थांबतात. तो अंदाज बहुतेकदा बरोबर येतो, पण माणसागणिक असलेला तो फरक नेमका कोणाच्या गळ्यात आहे हे आतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

या खुणेचा दुसरा अर्थ रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. उंचवट्याचा वरचा भाग काढता येतो; दोन पात्यांच्या सांध्याची खालची धार, जिच्यामागे स्वरतंतू बांधलेले आहेत, ती तशीच राहते. ज्यांचा उंचवटा मुख्यतः वरच्या खाचेपाशी आहे त्यांचा गळा शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ सपाट दिसतो. ज्यांच्या कूर्चेचा कोनच मुळात अरुंद आहे आणि धार वरपासून खालपर्यंत पुढे आलेली आहे, त्यांच्या गळ्यावर काहीतरी उरणारच. बारीक अंगाच्या व्यक्तीत हे उरलेले जास्त दिसते, कारण कातडी आणि कूर्चा यांच्या मध्ये चरबीचा थर नसतो. मान मागे टाकली की ते अजून उठते, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर मान मागेच टाकलेली असते. वयाचाही संबंध आहे. थायरॉइड कूर्चा विशीनंतर हळूहळू कडक होऊ लागते, तिच्यात हाड तयार होते. तरुण रुग्णात ती साध्या सुरीने पातळ पातळ कापता येते. चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णात सुरी चालत नाही, फिरते घासण्याचे यंत्र लागते, आणि कडक झालेली कूर्चा दाब पडला तर तडकू शकते. अनेक ट्रान्स स्त्रिया कुटुंब, नोकरी, समाज यांच्या भीतीने आयुष्याच्या उत्तरार्धात उपचारांकडे वळतात, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही. तीच शस्त्रक्रिया वीस वर्षे उशिरा केली तर ती तांत्रिकदृष्ट्या वेगळी शस्त्रक्रिया असते.

व्रणाची गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. छेद थेट कंठमण्यावर घेतला तर काम सोपे होते, पण व्रण नेमका तिथेच राहतो जिथून लोकांची नजर हटवायची होती. शिवाय कातडी खालच्या कूर्चेला चिकटून बसली तर प्रत्येक घोट गिळताना व्रण वर-खाली ओढला जातो आणि जास्तच लक्ष वेधतो. म्हणून बरेच शल्यचिकित्सक आता छेद वर, हनुवटीखालच्या घडीत लपवतात आणि तिथून खाली बोगदा करून कूर्चेपर्यंत पोचतात. २०२० मध्ये खफीफ आणि त्यांच्या इस्रायली सहकाऱ्यांनी खालच्या ओठाच्या आतून, तोंडावाटे जाण्याची पद्धत वर्णन केली. थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत ती वाट आधीच रुळलेली होती. मानेवर व्रण अजिबात राहत नाही, हा तिचा मोठा फायदा. हनुवटीच्या भागाला तात्पुरता बधिरपणा येऊ शकतो, कामाला वेळ जास्त लागतो आणि ती जमायला वेगळे शिक्षण लागते. काळी-सावळी त्वचा असलेल्या लोकांत व्रण जाड होण्याची किंवा गडद पडण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा आपल्याकडच्या रुग्णांसाठी छेदाची जागा ही दुय्यम बाब समजू नये.

आता परिणामांकडे येऊ. या शस्त्रक्रियेवर जे अभ्यास उपलब्ध आहेत त्यांचा सूर जवळपास एकसारखा आहे: रुग्ण समाधानी असतात, गंभीर गुंतागुंत क्वचित होते, आणि पहिले काही दिवस ते आठवडे घसा बसणे, गिळताना दुखणे, आवाज थकणे हे बऱ्याच जणींना होते आणि बहुतेकींचे निवळते. रक्त साचणे, जंतुसंसर्ग, स्वरयंत्राची अचानक उबळ हे धोके नोंदवलेले आहेत. रक्त साचण्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, कारण मानेत साचलेले रक्त श्वासमार्गावर दाब आणू शकते. लंडनच्या मटाई, चीझमन आणि क्लार्क यांनी २००३ मध्ये ज्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात कंठमणी कमी करणे आणि आवाज चढवण्याची शस्त्रक्रिया या दोन्हींबद्दल विचारले होते. त्यानंतर समाधान मोजणाऱ्या प्रश्नावल्या वापरून आणखी काही गटांनी काम केले. गंभीर गुंतागुंत झालेल्या रुग्णांच्या हकिकती मात्र वेगळ्या येतात, एकेक प्रकरण म्हणून, आणि त्यातल्या बहुतेकांचे मूळ एकच असते: स्वरतंतूंच्या सांध्याला धक्का लागला.

एवढ्यावर समाधान मानणाऱ्या वाचकाला थांबवले पाहिजे, कारण या अभ्यासांच्या उणिवा खऱ्या आहेत. बहुतेक मालिका लहान आहेत. बहुतेक एकाच शल्यचिकित्सकाच्या, तीही या कामात मुरलेल्या हातांच्या आहेत. जुन्या नोंदी उलटून काढलेले निष्कर्ष बरेच आहेत, आधीपासून ठरवून केलेली मोजमापे कमी. प्रश्नावलीला उत्तर कोण देते, हाही प्रश्न उरतोच: जी नाराज आहे ती त्याच दवाखान्याला पुन्हा कशाला लिहील? आणि जिने मोठा खर्च केला, घरच्यांचा रोष पत्करला, ती आपल्या निर्णयाबद्दल चांगलेच बोलण्याकडे झुकेल, हेही स्वाभाविक आहे. या सगळ्यावर एक सोपे उत्तर दिले जाते, की मग निकष लावून, चिठ्ठ्या टाकून, दोन गट करून प्रयोग करा. तो प्रयोग होऊ शकत नाही. स्वतःच्या गळ्यावर काय झाले हे रुग्णापासून लपवता येत नाही, आणि जिला शस्त्रक्रिया हवी आहे तिला वर्षभर खोट्या गटात बसवणे नीतीला धरून नाही. तेव्हा पुरावा अपुरा आहे, हे मान्य. त्यावरून उपचार व्यर्थ आहे असा निष्कर्ष निघत नाही. त्यावरून एवढेच निघते की जे मोजता येते ते आधीपासून मोजायला हवे.

काय मोजता येते ते चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांच्या व्यापक अभ्यासांवरून दिसते. एन्सवर्थ आणि स्पीगेल यांनी २०१० मध्ये २४७ ट्रान्स स्त्रियांच्या जीवनमानाची पाहणी प्रसिद्ध केली. कोणतीही शस्त्रक्रिया न झालेल्या स्त्रियांचे मानसिक आरोग्याशी संबंधित गुण सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा लक्षणीय कमी होते. चेहऱ्याची किंवा लिंगपुष्टीची शस्त्रक्रिया झालेल्यांत तसा फरक दिसला नाही. ही एकाच वेळची पाहणी आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेमुळेच फरक पडला असे ती सिद्ध करत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया परवडते त्यांची परिस्थिती मुळातच बरी असू शकते. त्यापुढचे पाऊल मॉरिसन आणि अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी टाकले. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६६ रुग्णांची मोजणी शस्त्रक्रियेआधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा केली होती. चेहऱ्याबद्दलच्या समाधानाचा मध्यक शंभरपैकी सुमारे ४७ वरून सहा महिन्यांनी सुमारे ८० वर गेला. हा फरक मोठा आहे आणि त्याच स्त्रियांमधला आहे. यातही कंठमणी हा चेहरा-मानेच्या अनेक कामांपैकी एक भाग असतो, कपाळ, जबडा, नाक यांच्यापासून त्याचा वाटा वेगळा काढता येत नाही. तरी एवढे म्हणता येते, की दिसण्यातला बदल जगण्यापर्यंत पोचतो.

आवाजाच्या बाबतीत मात्र समाधानाच्या प्रश्नावलीवर विसंबून राहणे मला पटत नाही. आवाज मोजता येतो. पुरुषांच्या बोलण्याची पट्टी साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असते, स्त्रियांची २०० च्या आसपास. सरावाने १७०-१८० पर्यंत पोचलेल्या स्त्रीचा आवाज १५० वर उतरला तर ते तिला आणि ऐकणाऱ्याला जाणवते, पण ‘तुम्ही शस्त्रक्रियेवर समाधानी आहात का’ या प्रश्नाच्या उत्तरात ते हरवून जाऊ शकते, कारण गळा तर हवा तसा झालेला असतो. शस्त्रक्रियेआधी ध्वनिमुद्रण, सहा आठवड्यांनी ध्वनिमुद्रण, सहा महिन्यांनी ध्वनिमुद्रण, आणि दुर्बिणीतून स्वरतंतूंचा सांधा पाहणे. हा काही महागडा संशोधन प्रकल्प नाही. कान-नाक-घशाच्या कुठल्याही बऱ्या विभागात स्वरोपचारतज्ज्ञ आणि दुर्बीण असते. तरी या शस्त्रक्रियेवरच्या जुन्या मालिकांत अशी मोजणी अपवादानेच केलेली आढळते. सौंदर्यशल्यचिकित्सेने कूर्चेकडे पाहिले, आवाजाच्या वैद्यकाने तंतूंकडे, आणि सांधा दोघांच्या मध्ये राहिला.

इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हे सगळे दिखाऊपणाचे आहे. गळा गिळतो, श्वास घेतो, बोलतो, त्याचे काम ठीक चालले आहे, मग सरकारी पैशातून किंवा विम्यातून कशाला? गळ्याचे काम एवढेच असते असे मी मानत नाही. माणसाला पाहताच आपण त्याला स्त्री किंवा पुरुष ठरवतो, आणि ज्या खुणांवरून ठरवतो त्यात कंठमणी अग्रभागी आहे. मान झाकता येत नाही. साडी आणि ब्लाउज यांच्यात गळा उघडा असतो; ठुशी किंवा चिंचपेटी गळ्याला चिकटून बसते, आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच जाते. उन्हाळ्यात ओढणी गुंडाळून बसणे हा उपाय नव्हे. रेल्वेच्या डब्यात, भाड्याचे घर शोधताना, नोकरीच्या मुलाखतीत एक नजर गळ्यावर थबकली की पुढचा व्यवहार बदलतो, आणि तो बदल नुसता मनाला लागणारा नसतो. कधी तो हिंसेपर्यंत जातो. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठव्या आवृत्तीच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिंगपुष्टीच्या शस्त्रक्रियांच्या यादीत कंठमणी कमी करण्याचाही समावेश केला आहे. आपल्याकडच्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या मूळ कायद्याच्या १५ व्या कलमात ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी विम्याची तरतूद सांगताना लिंगबदलाची शस्त्रक्रिया आणि संप्रेरक उपचार यांच्याबरोबर लेझर उपचाराचेही नाव घेतले होते. लेझर कशासाठी लागतो? चेहऱ्यावरचे केस काढण्यासाठी. म्हणजे दिसण्याशी निगडित उपचार आरोग्याचा भाग असू शकतो, हे संसदेने तेव्हाच मान्य केले होते. २०२२ मध्ये आयुष्मान भारतच्या छत्राखाली ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या संरक्षणाची घोषणा झाली. चेहऱ्यावरच्या केसांना लागू पडणारे तत्त्व गळ्यावरच्या कूर्चेला लागू पडत नाही, असे म्हणायला मला तरी आधार सापडत नाही.

याच्या उलट्या दिशेने येणारा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. तो म्हणतो, गळा बदलण्यापेक्षा नजर बदला. स्त्रीच्या गळ्यावर कंठमणी असू शकतो, कित्येक जन्मतः स्त्री असलेल्यांच्या गळ्यावरही तो दिसतो. मग ट्रान्स स्त्रीनेच तो का तासून घ्यावा? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्या स्त्रिया शस्त्रक्रिया न करता आपल्या गळ्यासकट सुखाने जगतात त्यांच्यावर कुणी ती लादू नये. पण नजर बदलेपर्यंतचा काळ एखादीने कसा काढायचा, हे दुसऱ्या कुणी ठरवणे मला बरे वाटत नाही. शिवाय प्रश्न केवळ इतरांच्या नजरेचा नसतो. आरशात दाढी नसलेला, हव्या तशा चेहऱ्याचा माणूस दिसतो आणि नजर खाली उतरली की परकी वाटणारी धार दिसते. हा अनुभव घरात एकटे असतानाही येतो. समाजाने बदलावे ही मागणी आणि माझ्या शरीराचा हा भाग मला नको ही मागणी या दोन्ही एकाच स्त्रीच्या असू शकतात.

मग कोणी विचारेल, की जर उंचवटा पूर्ण जाणारच नाही, तर अर्ध्या कामासाठी भूल, सुरी आणि धोका कशाला? इथे समाधानाचे अभ्यास काहीतरी उपयोगी सांगतात. ज्या रुग्णांच्या गळ्यावर थोडा उंचवटा उरला त्यांतल्याही पुष्कळ जणी समाधानी असतात, कारण पाहणाऱ्याची नजर थांबवणारी ती टोकदार कड असते, आणि ती गेली की उरलेली मंद उतरण लक्षात येत नाही. नाराजी बहुतेकदा तिथे असते जिथे शस्त्रक्रियेआधी ‘पूर्ण सपाट’ असे आश्वासन दिलेले किंवा समजून घेतलेले असते. दोन चुकांची तुलना केली की प्रश्न सुटतो. कमी काढले गेले तर काही महिन्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, पुन्हा थोडे काढता येते. दुसरी शस्त्रक्रिया व्रणामुळे थोडी अवघड असते, पण होते. जास्त काढले आणि सांधा सुटला तर तो टाके घेऊन, आधार देऊन परत बसवण्याचे प्रयत्न केले जातात, आणि पूर्वीचा आवाज परत येईलच असे कोणी सांगू शकत नाही. पहिल्या चुकीला दुरुस्ती आहे, दुसरीला तशी खात्रीची दुरुस्ती नाही. असे असताना शंका आली की कमी काढणे हाच शहाणपणा आहे. शंका आली तरी ‘अजून थोडे’ म्हणणाऱ्या डॉक्टरपासून आणि तसा आग्रह धरणाऱ्या रुग्णापासूनही सावध राहिले पाहिजे.

आवाज चढवण्याची शस्त्रक्रियाही करायची असेल तर सगळा हिशेब बदलतो, आणि या दोन्हींच्या क्रमाविषयी रुग्णांना फार कमी सांगितले जाते. जपानच्या नोबुहिको इशिकी यांनी १९७० च्या दशकात स्वरयंत्राच्या चौकटीवरच्या ज्या शस्त्रक्रिया मांडल्या, त्यांतली एक खालच्या क्रिकॉइड कूर्चेला थायरॉइड कूर्चेच्या जवळ ओढून स्वरतंतू ताणते. टाक्यांचा भार थायरॉइड कूर्चेवरही येतो, तेव्हा तीच कूर्चा वरून किती पातळ केली आहे हे आधी माहीत असावे लागते. जर्मनीत वेंडलर यांनी रूढ केलेली पद्धत तोंडावाटे जाऊन दोन्ही स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवते, म्हणजे नेमक्या त्या सांध्यापाशीच नवा टाका पडतो. सांधा आधीच डळमळीत झाला असेल तर त्या टाक्याला आधार कशाचा? म्हणून दोन्ही हव्या असलेल्या स्त्रीने एका डॉक्टरकडून गळा आणि मग केव्हातरी दुसऱ्याकडून आवाज, असे तुकडे न करता, सुरुवातीलाच स्वरयंत्राच्या तज्ज्ञाशी दोन्हींबद्दल बोलावे. काही ठिकाणी दोन्ही एकाच भुलीखाली करतात. फक्त आवाजाचा सराव करणाऱ्या स्त्रीने तो शस्त्रक्रियेआधी सुरू करावा आणि नंतर घसा सावरेपर्यंत थांबवावा, हे स्वरोपचारतज्ज्ञ सांगतातच.

संमतीपत्रावर सही करण्याआधी रुग्णाला काय विचारायचा अधिकार आहे, याचे उत्तर आता या सगळ्यातून निघते. सांधा शोधायला डॉक्टर सुई आणि दुर्बीण वापरणार आहेत की मोजपट्टीचा अंदाज? माझ्या वयात कूर्चा कडक झाली असेल तर घासण्याचे यंत्र तिथे आहे का? छेद कुठे, आणि माझ्या त्वचेवर तो कसा भरेल? माझ्या कोनाचा आकार पाहता काय उरेल, आणि ते मान सरळ ठेवल्यावर व मागे टाकल्यावर कसे दिसेल? आवाजाचे मुद्रण आधी होईल का? पहिल्या रात्री मानेला सूज आली, श्वास जड झाला, तर कोणाला फोन करायचा? या प्रश्नांची उत्तरे देणारा डॉक्टर त्यांना वेळखाऊ मानत नाही; शस्त्रक्रियेची निम्मी तयारी त्यातच होते. आणि ‘किती काढाल’ या प्रश्नाला ‘दुर्बिणीतून सांधा पाहिल्यावर ठरवू’ असे उत्तर आले, तर ते टाळाटाळीचे समजू नये. भूल देण्याआधी त्याहून नेमके उत्तर कोणत्याही डॉक्टरजवळ नसते.